राजमान्य राजेश्री खंड्या लवूळकर यांसी

पेठ बीड,
२८ डिसेंबर २०२५

राजमान्य राजेश्री खंड्या लवूळकर यांसी,
कृतानेक नमस्कार विनंती विशेष.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्याला या घरी येऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत आपल्याशी तोंडी बोलणं इतकं झालं की शेजारच्या घरालाही आपल्या सगळ्या खोड्या पाठ आहेत. परंतु ज्या घरच्या कर्त्या माणसानं सदतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, त्या घरात आपल्या नावे एकही पत्र येऊ नये, हे बरं दिसत नाही. सबब हा लेखनप्रपंच. (आपण या क्षणी माझ्या डाव्या पावलावर हनुवटी टेकून झोपलेले आहात. पायाला मुंग्या आल्या आहेत. तरी मी पाय हलवलेला नाही, याची नोंद घ्यावी.)

आता ते आपण-बिपण राहू दे. माझ्याच्यानं ते एका परिच्छेदाच्या पुढं निभत नाही.

आधी बातम्या. यंदा सप्टेंबरात पावसानं मराठवाड्याची काय दैना केली ते तुला सांगायला नको. वीज कडाडली की तू पलंगाखाली आणि मी पलंगावर, अशा आपण कित्येक रात्री काढल्या. लवूळचा भाऊ फोनवर म्हणाला, सोयाबीन गेलं ते गेलं, वावरातली मातीसुद्धा खरवडून नेली. त्याच महिन्यात, १७ तारखेला, मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. १९९५ साली मंजूर झालेला मार्ग, तीस वर्षांनी बीडपर्यंत आला. हे नोकरीत असताना दर अर्थसंकल्पाच्या दिवशी रेडिओला कान लावून बसायचे. पहिल्या दिवशी पहिल्या गाडीत बसायचं, मी खिडकीत आणि हे कडेला, असं आमचं ठरलेलं होतं. मी गेले नाही. लेकीला सांगितलं, खंड्याला कुठं ठेवू? तुझं नाव अशा कामाला फार उपयोगी पडतं.

आणखी एक. यंदा रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. रजिस्टर म्हणजे ह्यांच्या लेखी देवघरातली वस्तू. असते तर दोन दिवस जेवले नसते.

आणि तुझ्या जातभाईंचा खटला सर्वोच्च न्यायालयात गाजतोय. ११ ऑगस्टला हुकूम निघाला की दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यात नेऊन ठेवा. २२ ऑगस्टला तो बदलला, म्हणे नसबंदी करा, लस टोचा आणि पिसाळलेली नि अंगावर धावणारी सोडून बाकीची जिथून उचलली तिथंच सोडा. मग ७ नोव्हेंबरला म्हणाले, शाळा, दवाखाने, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली हलवा आणि परत तिथं सोडू नका. मी तुला तिन्ही वेळा पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. तिन्ही वेळा तू जांभई दिलीस.

आता तक्रारीकडे वळते. तक्रारी दोन आहेत. त्यातली एक गंभीर आहे.

तू पोस्टमनवर भुंकतोस. दूधवाल्यावर नाही, भंगारवाल्यावर नाही, कर्जाचे कागद घेऊन दारोदार फिरणाऱ्या त्या टायवाल्या पोरांवरही नाही. पोस्टमनवर! तो बिचारा सायकलच्या काळातला नाही, मोटारसायकलवर येतो, हातात मोबाईलसारखं यंत्र असतं, त्यावर माझी सही घेतो. आणि तू फाटकाला पुढचे दोन्ही पाय लावून अशी शिवीगाळ करतोस की जणू त्यानं तुझं शेतच लाटलंय. अरे, या घराला हे शोभतं का? तुला काय माहीत, १९८८ साली ह्यांना टपाल वाटताना कुत्र्यानं पोटरीला फोडलं होतं. तेव्हा बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. रोज एक. चौदा दिवस हे पोट धरून वाकत वाकत घरी यायचे, आणि पंधराव्या दिवशी परत त्याच गल्लीत टपाल वाटायला गेले. तेव्हापासून कुत्रं दिसलं की हे वाकून दगड उचलल्यासारखं करायचे. दगड नसला तरी. निवृत्त झाल्यावर आम्ही कंकालेश्वराकडं फिरायला जायचो, तर पायऱ्यांवर झोपलेलं कुत्रं पाहूनही ह्यांची कंबर आपोआप वाकायची. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेव, हे असते तर तू या घरात नसतास. मी तुला तसं कधी बोलले नाही. पण ते खरं आहे.

दुसरी तक्रार पिशवीची. ह्यांची खाकी कॅनव्हासची पिशवी, जुनी झाली म्हणून घरीच राहिलेली. ती मी खुंटीवरून काढली नव्हती. तू आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी आंघोळीला गेले आणि बाहेर येऊन पाहते तर खुंटी रिकामी नि तू ओसरीत पिशवीचा पट्टा चघळत बसलेला. मी जी ओरडले! मास्तरकीची छत्तीस वर्षं, पाढे न येणाऱ्या पोरांवरही कधी असा आवाज काढला नव्हता. मुडद्या म्हणाले, रांडेच्या म्हणाले, आणखीही काही म्हणाले ते पत्रात लिहिता येत नाही. शेजारच्या काकू कणकेच्या हातानं धावत आल्या. त्यांना वाटलं, बाईंचं काही बरंवाईट झालं. कारण आठ महिने भिंतीपलीकडं माझा आवाजच गेला नव्हता. मी शिव्या देतेय हे पाहून त्या दारात उभ्या राहून हसायला लागल्या. नंतर त्यांनी मला चहा करून दिला. माझ्याच घरात, माझ्याच साखरेचा. पट्टा मी शिवून आणला. माळीवेशीतल्या चांभारानं पैसे घेतले नाहीत. म्हणाला, पोस्टमनसाहेबांची पिशवी आहे, ओळखतो मी.

ते आठ महिने तुला ठाऊक नाहीत. २०२१ चा एप्रिल. अंबाजोगाईत एका रुग्णवाहिकेत २२ देह घालून नेल्याची बातमी देशभर गेली ना, त्याच आठवड्यात हे गेले. मला जे दिसलं ते लांबून आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. रडायला बाया जमल्या नाहीत, जमायला बंदी होती. बांगड्या फोडायलाही कोणी आलं नाही. महिनाभर त्या हातात तशाच राहिल्या, मग एके रात्री मीच काढून डब्यात ठेवल्या. पुढच्या वर्षी, ४ मे २०२२ ला, कोल्हापूरकडच्या हेरवाडच्या ग्रामसभेनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद, असा ठराव केला आणि पंधरवड्याच्या आत सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. वाचून मला हसू आलं. आमच्या गल्लीत तो ठराव वर्षभर आधीच झाला होता, कोणी मांडला नव्हता नि कोणी हात वर केला नव्हता.

मी बाहेर जात नव्हते. भाजी काकूंचा मुलगा आणायचा. पेन्शन बँकेत पडून राहायची. डिसेंबरात सरकारनं कोरोनात गेलेल्यांच्या घरच्यांना ५० हजारांचं अनुदान देण्यासाठी अर्ज मागवले, तेव्हाही कागद गोळा करून दिले ते भाच्यानं. कुठल्याशा खिडकीवरच्या माणसानं त्याला विचारलं, अर्जदार हयात आहे ना? भाच्यानं मला ते हसत हसत सांगितलं. मी ते मनात घोळवत राहिले.

आणि त्याच डिसेंबरात तुझं गाव जगभर गाजलं. माजलगाव तालुक्यातलं लवूळ, माझं माहेर. मी नव्वद वेळा लोकांना सांगून थकले होते की माजलगावजवळ, धरणाच्या बाजूला; आता लंडनच्या पेपरातही ते नाव छापून आलं. माकडांचं नि कुत्र्यांचं टोळीयुद्ध! कुत्र्यांनी माकडाचं पिल्लू मारलं, म्हणून माकडं सूड घेतात, कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, घरावर नेतात आणि वरून टाकतात. अडीचशे कुत्री मेली असा आकडा छापला. माझा भाऊ म्हणाला, मोजली कुणी? तिसऱ्या आठवड्यात नागपूरहून वनखात्याचं पथक आलं, दोन माकडं पकडून नेली. लोकांनी मोबाईलवर विनोद फिरवले. बीडचं नाव एरवी कोयता, दुष्काळ नि खुनासाठी पेपरात येतं, तर हा जरा विरंगुळा.

तू त्यातलाच एक. भावाच्या शेजारच्या पत्र्यावर दोन दिवस ओरडत होतास. भाचा शिडी लावून चढला तर माकडीण तुला मांडीत घेऊन बसलेली. त्यानं काठी आपटली तशी ती दुसऱ्या पत्र्यावर गेली, आणि जाताना तू तिच्या हातातून सुटलास. खाली कडब्याच्या पेंढ्या होत्या म्हणून वाचलास. मागचा डावा पाय तेवढा कायमचा अधू झाला. भाच्यानं मला एक गोष्ट सांगितली होती, ती कुठल्याच पेपरात मी वाचली नाही. ती माकडीण म्हणे तुझ्या अंगातल्या गोचड्या वेचत होती. तू भुकेनं मरायला टेकला होतास, तिच्याजवळ तुला पाजायला दूध नव्हतं, आणि ती मात्र एकेक केस बाजूला करून वेचत बसली होती.

यावर मी फार विचार केला आहे, खंड्या. वेळ भरपूर होता. वानरांच्या माद्या एकमेकींची पिल्लं सांभाळतात, आपलं मेलेलं पिल्लू कित्येक दिवस छातीशी धरून फिरतात, हे जाणकारांनी लिहून ठेवलंय. लवूळच्या माकडांच्या मनात काय होतं ते मी कोण सांगणार. पण सूड ही गोष्ट सगळ्या जगाला चटकन पटली, आणि त्या बाईची मांडी रिकामी झाली असेल, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. (बाई म्हणते मी तिला. तुझी हरकत असेल तर कळव.) ह्यांचा स्वेटर मी त्या हिवाळ्यात उशीखाली घेऊन झोपायचे, त्यालाही काही कुणाला दूध नव्हतं पाजायचं.

भाच्यानं तुला बाजारच्या पिशवीत घालून मोटारसायकलवर आणलं. गावात ठेवावं तर माकडं, आणि अर्धं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेलं, कुलपं लावून. दिवाळीनंतर आमच्या बीडच्या गावांत म्हातारी माणसं आणि कुत्री, एवढंच मागं राहतं. 'आत्या, आठ दिवस ठेव,' म्हणाला. तेच आठ दिवस चालू आहेत.

आणि तू काय केलंस? सहाव्या दिवशी मला चावलास. जर्मनचं वाडगं उचलायला हात घातला तर अंगठ्यात दात रोवलेस, सुईसारखे. रक्त आलं. ह्यांची चौदा इंजेक्शनं डोळ्यांपुढं उभी राहिली. नळाखाली पंधरा मिनिटं साबणानं धुतलं, काकूंना हाक मारली, त्या म्हणाल्या, बाई, लस झालेली नाही त्याची, दवाखान्यात जावंच लागेल, आणि हे काही दुसऱ्याला पाठवून होणारं काम नाही.

बरोबरच होतं ते. भाजी दुसऱ्यानं आणता येते, इंजेक्शन आपल्याच दंडात घ्यावं लागतं. आता ती बेंबीभोवतीची भानगड राहिलेली नाही, दंडात पाच. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या. म्हणजे पाच वेळा मला साडी बदलून, मास्क लावून, रिक्षात बसून बिंदुसरेच्या पुलावरून पलीकडं जावं लागलं. पहिल्या खेपेला मी पूर्ण वाटभर पायांकडं बघत होते. तिसऱ्या खेपेला नदीकडं पाहिलं. चौथ्या खेपेला, संक्रांत जवळ आली होती, येताना मी सुभाष रोडवर उतरून तीळ घेतले. वाण द्यायला-घ्यायला आता मला कोण बोलावणार होतं. पण लाडू आवडतात मला, ह्यांना कधीच आवडायचे नाहीत.

रांगेत एक म्हातारी भेटायची. तिच्या नातवाच्या गालावर पट्टी. आई-बाप उसाला गेलेले, पोरगं अंगणात खेळत होतं. चार वर्षांचं असेल. त्यानं अख्ख्या रांगेत आवाज काढला नाही, नुसतं आजीचा पदर दातांत धरून बसलेलं. म्हणून सांगते, कोर्टाच्या बातम्या वाचताना मी आंधळेपणानं तुझ्या जातीची बाजू घेत नाही. तुझ्या डोळ्यांत पाहताना मला ते पोरगंही दिसतं. म्हातारीनं मला विचारलं, 'तुम्हाला कुणी चावलं, बाई?' म्हटलं, 'घरचंच.' ती हसून म्हणाली, 'मग बरंय. घरात चावायला तरी कुणी हाय.'

तू तीन महिन्यांचा झालास तशी तुला रेबीजची लस टोचली, दरवर्षी टोचते. नसबंदीही केली. तुझी परवानगी घेतली नाही, त्याबद्दल या पत्रानं दिलगिरी व्यक्त करते. पण तुझ्या संसाराचा गुंता माझ्याच्यानं आवरला नसता.

मग फिरणं आलं. तुला घरात शू करायची लाज वाटायला लागली, हा तुझ्या स्वभावातला मोठेपणा. पहाटे साडेपाचला तू दाराला नाक लावून कण्हायचास. डोक्यावरून पदर घेऊन मी निघायचे, खंडोबाच्या टेकडीच्या वाटेनं, त्या दोन उंच दीपमाळा दिसेपर्यंत. आता विचार कर, पहाटेच्या पारी रांडाव बाईचं तोंड दिसणं वाईट, आणि कुत्र्याचं रडणं वाईट. आपण दोघं मिळून चालता-बोलता अपशकुन. कोपऱ्यावरचा एक दुकानदार मला पाहून शटर उघडता उघडता थांबायचा, मी पुढं गेले की उघडायचा. मी काहीच बोलले नाही. तू बोललास. त्याच्या नव्या स्कूटरच्या चाकावर रोज, न चुकता, पाय वर करून. आता तो मी येण्याआधीच स्कूटर आत घेतो नि मला म्हणतो, 'बाई, आज लवकर?' तीन वर्षांत एवढी प्रगती आहे. सरकारच्या परिपत्रकाचा त्यात किती वाटा नि तुझा किती, ते मी ठरवत नाही.

खंडोबाच्या पायरीवर मात्र तुला आत घेत नाहीत. देवाच्या चित्रात घोड्याच्या पायांशी कुत्रं हवं, दत्ताच्या भोवती चार हवीत, धर्मराजानं कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारला म्हणून कीर्तनात डोळे पुसायचे, नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावले ते नातवंडांना सांगायचं, आणि खरं कुत्रं आलं की हाड्! तू बाहेर बसतोस, मी बाहेरूनच हात जोडते. आमच्या घराण्याचं कुलदैवत आहे ते. त्यानं समजून घ्यावं.

आता विनंती. लेक पुण्याला ये म्हणते. सहा महिने झाले, दर रविवारी. एकटी किती दिवस राहशील? मी म्हणते, एकटी कुठं आहे? ती म्हणते, आई, माणूस म्हणतेय मी. पहिल्यांदा म्हणाली, सोसायटीत कुत्रं चालत नाही. मी तिला प्राणी कल्याण मंडळाच्या सूचना वाचून दाखवल्या, सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही म्हणून. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, 'आई, बंदी सोसायटीची नाही. माझ्या सासूबाईंची आहे.' यावर कोणत्याच मंडळाचं परिपत्रक नाही.

तर मी जात नाही. तिला अजून सांगितलेलं नाही, तुला आधी सांगते. मी आता चौसष्टची, तू चारचा. तुझ्यासारखी गावठी जात नीट सांभाळली तर बारा-चौदा वर्षं काढते. हिशेब जवळजवळ बरोबरीत येतो, आणि वरखाली झालाच तर भाच्याशी बोलून ठेवलंय. तो म्हणाला, 'आत्या, आठ दिवसांसाठीच तर दिला होता, परत घेईन की.' तेव्हा तू त्याची काळजी करू नकोस. जानेवारीत मात्र लेकीकडं चार दिवस जाऊन येणार आहे. बीडहून अहिल्यानगरपर्यंत रेल्वेनं, पुढं एसटीनं. तेवढे चार दिवस काकूंकडं राहायचं, त्यांच्या कणकेच्या परातीत तोंड घालायचं नाही.

आणि शेवटचं, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. हे पत्र मी हातात ठेवणार नाही, पोस्टात टाकणार आहे. पाकिटावर पाच रुपयांचं तिकीट. चार पानं झाली आहेत, वीस ग्रॅमच्या वर भरलं तर आणखी लावीन. ह्यांच्या पश्चात या घरातून कमी तिकिटाचं टपाल जाऊ द्यायचं नाही. पत्ता स्वच्छ अक्षरात लिहिते: श्री. खंड्या लवूळकर, पेठ बीड, बीड ४३१ १२२. पोस्ट इथून पायी दहा मिनिटांवर. तरी पत्राला यायला दोन-तीन दिवस लागतील, परवा नाहीतर तेरवा. दुपारी साधारण बाराला मोटारसायकल फाटकाशी थांबेल. तो माणूस तुझं नाव वाचून एकदा पाकिटाकडं नि एकदा तुझ्याकडं बघेल.

त्या वेळी भुंकू नकोस.

तुझी,
बाई

ता. क. पाय पार बधिर झालाय. आता हलवते. उठलास तर राग मानू नये.